पर्वतीची पायरी, हत्तीची पेटी

पहिला दिवस : १२ ऑक्टोबर

सोलापूरहून हुतात्मा एक्स्प्रेस भल्या सकाळी सुटते. आत्या माझ्याही आधी उठली होती. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दह्याची छोटी बरणी फडक्यात बांधून तिनं माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "पायऱ्या मोजून ये. अंदाजानं सांगू नको."

आत्या ऐंशीला टेकली आहे. पुण्यातल्या पर्वती टेकडीवरच्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून १९२९ मध्ये दलितांनी सत्याग्रह केला, त्याच या पायऱ्या. गुडघ्यांमुळे आत्या आता पर्वती चढू शकत नाही, म्हणून माझं जाणं. पुण्याला लग्नकार्यासाठी, दवाखान्यासाठी, परीक्षांच्या कामासाठी मी कितीदा गेले असेन, पण पर्वती कधी चढले नव्हते. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. "कलम १७ अन्वये अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे" हे वाक्य किती वर्गांकडून पाठ करून घेतलं याचा हिशोब नाही. ते वाक्य कुठल्या पायरीवरून चालत संविधानात आलं, हे मात्र एकाही मुलाला सांगितलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं. निवृत्तीनंतर वाचायला लागले तेव्हा कळलं की ती वाट आमच्या घरावरून गेली आहे.

आम्ही चर्मकार समाजातले. आजोबा सोलापुरात चपला शिवायचे. आजीला अक्षरओळख नव्हती. पण देशाच्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत तिनं मत दिलं, तेही एक नव्हे, दोन. त्या वेळी सोलापूर हा द्विसदस्य मतदारसंघ होता, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव, त्यामुळे प्रत्येक मतदाराला दोन मतं. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी, पेटीवर त्याचं चिन्ह, आणि मतपत्रिका आपल्या माणसाच्या पेटीत सोडायची. वाचता न येणाऱ्या माणसाला यापेक्षा सोपं काय असणार? डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षाचं चिन्ह होतं हत्ती. आजी लग्नातलं इरकल लुगडं नेसून गेली होती. परतल्यावर डाव्या तर्जनीवरची शाई तिनं दोन दिवस पिठाला लागू दिली नाही, भाकऱ्या एका हातानं थापल्या, असं आत्या सांगते. एक मत हत्तीला टाकल्याचं आजी आयुष्यभर सांगत राहिली. दुसरं कुणाला, ते तिनं कधी सांगितलं नाही.

सोलापुरातून दोघे निवडून आले. शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आणि फेडरेशनचे पांडुरंग नाथूजी राजभोज. लोक त्यांना बापूसाहेब म्हणत. जन्म १९०५ चा, नाशिक जिल्ह्यातला, पण घडले ते पुण्यात. आमच्याच समाजातला माणूस दिल्लीला कायदे करायला गेला, याचं आजोबांना इतकं अप्रूप की राजभोजांचा एक छापील फोटो कित्येक वर्षं रापी आणि आरी ठेवायच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला होता. पेटी उघडली की आधी बापूसाहेब दिसायचे, मग हत्यारं.

भाची स्टेशनवर घ्यायला आली. ती पुण्यात कायदा शिकते, तिसरं वर्ष. तिला म्हटलं, खोलीवर नंतर जाऊ, आधी कौन्सिल हॉल दाखव. "मावशी, ते रोजच्या वाटेवर आहे, तिथं काय बघायचं?" असं म्हणत ती चालायला लागली. स्टेशनपासून चालत जाण्याइतकंच अंतर आहे. मोठी झाडं, सरकारी कचेऱ्या, गाड्यांची रांग आणि त्यातच जुनी कमानींची इमारत. सुट्टीचा दिवस होता. आम्ही रस्त्याच्या पलीकडे उभं राहूनच पाहिली.

ब्रिटिश आमदानीत मुंबई इलाख्याचं सरकार पावसाळ्यात पुण्याला मुक्काम हलवायचं आणि कायदेमंडळाचं अधिवेशनही इथंच भरायचं. डॉ. आंबेडकर मुंबई कायदे कौन्सिलचे नियुक्त सभासद झाले ते १९२६ च्या अखेरीस. पुढच्याच मार्चमध्ये महाडचं चवदार तळं. म्हणजे एकीकडे सभागृहात नाव नोंदलेलं आणि दुसरीकडे तळ्याच्या काठावर ओंजळ भरलेली. या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या धड्यांत शिकवतो. मी तरी तसंच शिकवलं, आणि ते चुकलं असं आज वाटतं. कारण महाडला लोक गेले तेच मुळी कायदे कौन्सिलच्या ठरावाचा आधार घेऊन. सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी ठराव मंजूर करून घेतला होता, की सरकारी खर्चानं बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. ठराव कागदावर होता. त्यात पाणी भरलं ते महाडच्या लोकांनी.

भाचीला मी १९३७ चं सांगितलं. स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार म्हणून निवडून आल्यावर बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी, पुण्याच्या अधिवेशनात, कोकणातली खोती रद्द करणारं विधेयक मांडलं. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामध्ये बसलेला माणूस. सारा भरायचा सरकारला, पण त्याच्या नावाखाली कुळाकडून धान्य, वेठ, जे जमेल ते उकळायचा. विधेयकात खोताला भरपाई होती आणि कसणाऱ्याला जमिनीवर हक्क होता. ते मंजूर झालं नाही. पुढच्या जानेवारीत कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चानं आले, तरीही नाही. मुंबई राज्याचा खोती रद्द करणारा कायदा व्हायला १९४९ उजाडलं. भाची म्हणाली, "म्हणजे बिल पडलं." मी म्हटलं, पडलं नाही ग, बारा वर्षं चालत राहिलं.

आता बाहेरची गोष्ट. १५ जुलै १९४६ ला याच पुण्यात, अधिवेशन भरलेलं असताना, फेडरेशननं सत्याग्रह सुरू केला. स्वातंत्र्य दाराशी आलं होतं, सत्ता कुणाच्या हाती जाणार याच्या वाटाघाटी चालल्या होत्या आणि त्यात दलितांचं स्थान काय, याचं उत्तर कुणी देत नव्हतं. लोक तुकडीतुकडीनं यायचे आणि अटक करून घ्यायचे. फेडरेशनचे सरचिटणीस त्या वेळी राजभोज होते, १९४२ साली नागपूरला फेडरेशन स्थापन झालं तेव्हापासून. पाऊस असणार. पुण्याचा जुलै. सहा वर्षांनी हेच बापूसाहेब लोकसभेत बाकावर बसले. आत बसून कायदा मागणं आणि बाहेर उभं राहून कायदा मागणं, दोन्ही त्यांनी केलं. त्या कमानींकडे बघताना मला सारखं वाटत होतं की शाळेची सहल इथंच आणायला हवी होती.

दुपारी जेवून थोडं पडलो आणि उन्हं कलल्यावर गंज पेठेत फुले वाड्यात गेलो. महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, हे सगळ्यांना माहीत असतं. ते १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, हे फारसं सांगितलं जात नाही. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतावर हजार रुपये खर्च करायचं ठरलं तेव्हा बत्तीस नियुक्त सदस्यांत विरोध करणारे ते एकटे. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, एवढंच त्यांचं म्हणणं. आम्ही तुळशी वृंदावनाजवळ बसलो. भाचीनं चप्पल काढून बाजूला ठेवली होती आणि ती विहिरीत वाकून बघत होती.

दुसरा दिवस : १३ ऑक्टोबर

तारीख मुद्दाम धरली होती. १३ ऑक्टोबर १९२९, रविवार, या दिवशी पर्वतीचा सत्याग्रह सुरू झाला.

सहा वाजता पायथ्याशी पोचलो. पुण्यातली पर्वती सकाळी देवळापेक्षा व्यायामशाळा जास्त वाटते. बूट घातलेले तरुण पळत चढतात, वयस्कर मंडळी हातात काठी घेऊन ठरलेल्या पायरीवर ठरलेल्या वेळी टेकतात. कुणी कुणाला अडवत नाही. कोण कुठल्या जातीचा, हे कुणाच्या मनातही नसावं. मी पहिल्या पायरीशी उभी राहिले आणि पाय उचलेना. भाचीला वाटलं, दम लागला. चढायच्या आधीच कसला दम?

पायऱ्या रुंद आणि उताराच्या आहेत. पालख्या, घोडे वर जावेत अशा. काळा दगड. मध्यभागी घासून घासून गुळगुळीत झालेला, कडेला अजून खडबडीत. आजोबांच्या ऐरणीसारखा. ऐरणीचाही मधला भाग असाच चकचकीत असायचा आणि कडा खरखरीत. मी कडेनं चढले, हात टेकत, मोजत. आत्याला अंदाज चालणार नव्हता.

वरचं देवदेवेश्वराचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलं. त्यानंतर १८० वर्षं या पायऱ्यांवर कुणी पाय ठेवायचा आणि कुणी नाही, हे ठरलेलं होतं. १९२९ मध्ये पुण्यातल्या दलित कार्यकर्त्यांनी ते मोडायचं ठरवलं. पुढे होते शिवराम जानबा कांबळे आणि राजभोज. कांबळे त्या वेळी पन्नाशी ओलांडलेले होते. कॅम्पातल्या मेसॉनिक हॉलमध्ये बटलरची नोकरी करून त्यांनी १९०८ पासून 'सोमवंशीय मित्र' हे मासिक चालवलं होतं. दिवसा साहेबांच्या टेबलावर बशा मांडायच्या आणि रात्री मुद्रितं तपासायची. महार समाजाला सैन्यात पुन्हा घ्यावं म्हणून त्यांनी सरकारला अर्ज पाठवले, मुलींना खंडोबाला वाहून मुरळी सोडण्याच्या प्रथेविरुद्ध लिहिलं. पुण्याच्या चळवळीचा हा पाया, आणि आज त्यांचं नाव पुण्यातल्या किती जणांना ठाऊक असेल? मला या माणसाबद्दल राहून राहून वाटतं की त्यांच्यावर सविस्तर धडा हवा.

राजभोज त्यांच्याहून तीस वर्षांनी लहान. चोवीस वर्षांचा पोरगा. भाचीच्याच वयाचा.

सत्याग्रही निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर सवर्ण समाजातले काही तरुणही होते. काकासाहेब गाडगीळ होते. एस. एम. जोशी होते, तेही पंचविशीच्या आतले. वर देवळाचं दार बंद केलं गेलं. आणि मग दगडांचा मारा झाला. राजभोज जखमी झाले. डोक्याला मार लागला असं आमच्या घरात सांगत. आजोबा हे सांगताना रापी खाली ठेवायचे, आणि एरवी कामात असताना ते कधीच हत्यार खाली ठेवत नसत, हे आत्यानं मला दहादा सांगितलं आहे. सत्याग्रह तेवढ्यावर थांबला नाही, पुढे कित्येक आठवडे लोक येत राहिले. बाबासाहेबांनी मुंबईहून पाठिंबा दिला. दार उघडलं नाही. काही महिन्यांनी, २ मार्च १९३० ला, नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो पाच वर्षं चालला. पर्वती त्याची थोरली बहीण म्हणायला हवी.

चढता चढता मी भाचीला एक गोष्ट दाखवली, जी मला कुणी सांगितली नव्हती आणि नावं जुळवताना स्वतःलाच दिसली. या पायऱ्यांवर दगड झेलणाऱ्यांतले तिघे पुढे दिल्लीला गेले. काकासाहेब गाडगीळ स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात मंत्री. राजभोज १९५२ ला सोलापूरचे खासदार. एस. एम. मुंबई विधानसभेत आणि १९६७ मध्ये पुण्याचे खासदार. तिघांचे पक्ष वेगळे, वाटा वेगळ्या, पुढे एकमेकांच्या विरुद्धही गेले असतील. पण सुरुवातीला एकाच पायरीवर.

एक्याऐंशीव्या पायरीवर आम्ही बसलो. भाचीनं मोबाईलवर कायदा उघडला. मी म्हटलं, मोठ्यानं वाच.

अस्पृश्यता (अपराध) अधिनियम, १९५५. अंमल १ जून १९५५ पासून. कलम ३. त्याच धर्माच्या इतर लोकांना खुल्या असलेल्या सार्वजनिक पूजास्थानात अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला प्रवेश करण्यापासून रोखलं, तर तो गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भाचीनं पुढची टीप वाचली, की १९७६ मध्ये दुरुस्ती होऊन किमान एक महिना कैद आणि दंड दोन्ही सक्तीचे झाले आणि कायद्याचं नावही बदललं. नागरी हक्क संरक्षण अधिनियम.

"हे तर आम्हाला आहे," ती म्हणाली. "पेपरात येतं. पाच मार्कांना."

मी तिला म्हटलं, हा कायदा ज्या लोकसभेनं केला तिच्यात बापूसाहेब राजभोज सोलापूरचे सभासद होते. ज्या माणसाला देवळाच्या पायरीवर दगडानं फोडलं, तो सव्वीस वर्षांनी त्या सभागृहात होता, जिथं दगड मारणारा आणि दार लावणारा गुन्हेगार ठरला. हे कलम ३ म्हणजे ही पायरी. याच्यावर आपण बसलोय.

ती बराच वेळ बोलली नाही. मग तिनं मोबाईल पर्समध्ये टाकला आणि तळहात दगडावर ठेवला.

कायदा झाला म्हणून सगळं मिटलं, असं मी म्हणणार नाही. आमच्या मूळ गावात, गावाचं नाव लिहीत नाही, मारुतीच्या देवळाचा मळा होता. त्या मळ्याच्या विहिरीवरची मोट, म्हणजे पाणी उपसायची चामड्याची पिशवी, आजोबांनी शिवलेली. सोलापुरात राहायला गेले तरी मोट फाटली की गावाहून निरोप यायचा आणि ते जायचे. मारुतीच्या अंघोळीचं पाणी त्या मोटेतून यायचं. १९५६ साली, म्हणजे कायद्याला वर्ष उलटून गेलं होतं, मोट सांधून झाल्यावर आजोबा वडलांना घेऊन पाया पडायला गेले. वडील तेव्हा दहा वर्षांचे. खालच्या पायरीवर एक पाय ठेवला तोच मागून कुणीतरी वडलांचं बखोट धरून ओढलं. पडून हनुवटी फुटली. त्याची खूण शेवटपर्यंत होती, दाढी करताना वस्तरा तिथं जरा वळवायचे. पोलिसात कुणी गेलं नाही. गावात राहणाऱ्या भावकीला रोज त्याच लोकांत वावरायचं होतं. सहा महिने कैद आणि पाचशे रुपये दंड, हे शब्द तिथवर पोचले नव्हते. म्हणून मला राग येतो तो, आपण कायदा शिकवतो आणि तो वापरायचा कसा हे शिकवत नाही, याचा. त्यात माझीही तीस वर्षं गेली.

एकशे तीन. वर पोचल्यावर मी पुन्हा खाली बघितलं. एका अंगाला सारसबागेची हिरवळ आणि पुण्याच्या पेठा, दुसऱ्या अंगाला टेकडीला बिलगलेली जनता वसाहत, पत्र्यांवर सकाळचं ऊन. देवळात गेलो. मी हात जोडले. माझी देवभक्ती फार नाही, वडलांनी धम्मदीक्षा घेतल्यानंतर घरात बुद्धाची मूर्ती आहे. तरी जोडले. आजोबांच्या वाटचे, आणि त्या चोवीस वर्षांच्या पोराच्या वाटचे. पुजाऱ्यांनी हातावर तीर्थ घातलं आणि पुढच्याकडे वळले. इतकं साधं.

उतरताना भाचीनं विचारलं, बाबासाहेब देवळाबद्दल काय म्हणत? मी सांगितलं, की त्यांच्या लेखी प्रश्न देव भेटण्याचा नव्हता, माणूस म्हणून बरोबरी मान्य होण्याचा होता. पुढे त्यांनी देवळांचा नाद सोडायलाच सांगितलं. इथून जवळच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली. वेळ असता तर तिथंही जायचं होतं. ते राहिलं.

संध्याकाळ खोलीवरच. भाचीच्या मैत्रिणी जमल्या, पिठलं-भाकरी केली, आणि तिनं सकाळचं सगळं त्यांना सांगितलं, माझ्यापेक्षा चांगलं.

तिसरा दिवस : १४ ऑक्टोबर

येरवड्याला गेलो, पण फार थांबलो नाही. तुरुंगाच्या भिंतीला वळसा घातला, एवढंच.

ज्या गाडीनं मी आले तिचं नाव ज्या चार हुतात्म्यांवरून आहे, ते मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा, त्यांना १२ जानेवारी १९३१ ला याच तुरुंगात फाशी दिली. सोलापूरच्या माणसाला येरवडा म्हटलं की आधी ते आठवतात.

आणि मग पुणे करार, २४ सप्टेंबर १९३२. ब्रिटिश सरकारनं ऑगस्टमध्ये दलितांना स्वतंत्र मतदारसंघ दिले होते, प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा आणि मतदाराला दोन मतं, एक आपल्या मतदारसंघात, एक सर्वसाधारणात. गांधीजींनी याच तुरुंगात २० सप्टेंबरला उपोषण सुरू केलं. चार दिवसांत करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, राखीव जागा १४८ झाल्या, पण संयुक्त मतदारसंघातून. त्यातही आधी दलित मतदारांनी प्रत्येक जागेसाठी चार उमेदवार निवडायचे आणि त्या चौघांतून एक सगळ्या मतदारांनी मिळून. जागा दुपटीहून वाढल्या आणि शेवटचा शब्द दुसऱ्यांच्या हाती गेला. बाबासाहेबांना हे त्या दिवशीच कळत होतं, आणि तरीही एका माणसाच्या प्राणाचं ओझं त्यांच्या एकट्याच्या खांद्यावर टाकलं गेलं होतं. याबद्दल मी कितीही वाचलं तरी मन शांत होत नाही.

त्या करारावर आमच्या समाजातल्या दोघांच्या सह्या आहेत. एक क्रिकेटपटू पी. बाळू, पुण्याच्या मैदानावर कामाला लागून गोलंदाजीत नाव काढलेले. दुसरे राजभोज, सत्तावीस वर्षांचे. चौदा वर्षांनी त्याच कराराविरुद्ध फेडरेशननं सत्याग्रह केला तेव्हा सरचिटणीस तेच. लोक याला कोलांटी म्हणतात. मला तसं वाटत नाही. ज्यानं सही केली त्यालाच त्या सहीचं मोल रोज चुकवावं लागलं. १९४६ च्या निवडणुकीत पहिल्या फेरीत आपल्या लोकांनी पुढे आणलेले उमेदवार दुसऱ्या फेरीत पडले. ते बघून माणूस बदलणार नाही तर काय?

पुढे राजभोज फेडरेशन सोडून काँग्रेसमध्ये गेले आणि १९५७ ते १९६२ राज्यसभेत होते. हे मात्र मला पटत नाही, आणि आजोबांनाही पटलं नव्हतं. त्यांनी पेटीच्या झाकणावरचा फोटो काढला नाही, पण नवा लावायची वेळ आली तेव्हा बाबासाहेबांचा लावला. त्याबद्दल घरात कधी चर्चा झाली नाही.

दुपारी सेनापती बापट रस्त्यावरच्या सिंबायोसिसच्या डॉ. आंबेडकर स्मारकात गेलो. बाबासाहेबांच्या पत्नी माईसाहेबांनी दिलेल्या बाबासाहेबांच्या वस्तू तिथं आहेत. कपडे, चष्मा, भारतरत्न, व्हायोलिन. मी व्हायोलिनपाशी थांबले. हिंदू कोड बिलासाठी चार वर्षं झगडून, ते अडवलं गेलं म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये कायदामंत्रिपद सोडणारा माणूस, त्यानंतर चारच महिन्यांनी मुंबईत लोकसभा निवडणूक हरणारा माणूस. हे वाद्य त्यांनी कुठल्या संध्याकाळी हातात घेतलं असेल? भाची वहीत काही उतरवून घेत होती. तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

त्याच १९५२ मध्ये बाबासाहेब हरले आणि सोलापुरात त्यांचा हत्ती जिंकला. आमच्या आजीची बोटभर शाई त्यात आहे, एवढं मला तिथं उभं राहून जाणवलं.

संध्याकाळची हुतात्मा पकडली. भाची डब्यापर्यंत आली. म्हणाली, "मावशी, कलम ३ खाली आपल्या जिल्ह्यात किती गुन्हे नोंदले आणि किती शाबीत झाले, ते माहितीच्या अधिकारात मागवू या का? अर्ज मी लिहिते." मी म्हटलं, लिही, सही दोघींची.

घरी पोचायला रात्र झाली. आत्या जागी होती. चपला काढायच्या आत तिनं विचारलं, "किती?"

"एकशे तीन."

"दगड कसला?"

"काळा. मध्ये झिजलेला. आजोबांच्या ऐरणीसारखा."

तिनं मान हलवली. जेवण वाढलं, बाजूला बसली. मी तिला दोन मतांचं पुन्हा विचारलं, दरवेळी विचारते तसं. या वेळी ती जरा थांबली.

"आईनं मला कडेवर घेतलं होतं आत जाताना," ती म्हणाली. "पहिला कागद तिनं टाकला. दुसरा माझ्या हातात दिला, म्हणाली, टाक तू."

"मग कुठल्या पेटीत टाकलास?"

"मला हत्तीच ओळखू येत होता."